धागा: खाऱ्या पाण्यातले नवे मासे, क्वारंटाइन टाकी आणि परजीवींवरचे उपचार (बेळगाव-खानापूर-निपाणी-कारवार)

टिळकवाडी_खारंपाणी

नमस्कार मंडळी. नवा मासा थेट मुख्य टाकीत सोडायचा नाही, हे आता सगळ्यांना पटलंय. घोळ होतो तो त्यानंतर. मासा वेगळा ठेवला की दुसऱ्या दिवशी तांब्याच्या औषधाची बाटली उघडली जाते, त्याला झालंय काय हे बघायच्या आधीच. नेहमी भेटणारे परजीवी पाच: इच, वेल्व्हेट, ब्रुकलिनेला, युरोनेमा आणि फ्लूक. तांबं चालतं ते यातल्या पहिल्या दोघांवरच. बाकी तिघांसाठी तांब्यात घालवलेला आठवडा म्हणजे मासा गमावणं. म्हणून हा धागा ओळखीपासून सुरू करतोय.

आधी क्वारंटाइनची, म्हणजे नवा मासा वेगळा ठेवायची टाकी. ६० × ३० × ३० सेंमी, पाणी २५ सेंमीपर्यंत, म्हणजे ४५ लिटर. खालची सगळी मापं या ४५ लिटरवर आहेत. तळाला वाळू नको, लाइव्ह रॉक (जिवाणू-जीव वसलेला समुद्री दगड) नको, शिंपले नकोत. लपायला प्लंबिंगच्या दुकानातले पीव्हीसी एल्बो नि टी पुरतात. स्पंज फिल्टर, एअर पंप, १०० वॅटचा हीटर (डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा गारठा बघता यापेक्षा कमी नको), झाकण, अमोनियाचं टेस्ट किट. स्पंज तीन-चार आठवडे आधीपासून संपमध्ये (मुख्य टाकीच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवून अमोनिया पचवणारे जिवाणू बसवलेला हवा. पण मुख्य टाकीत हल्ली इच होऊन गेला असेल तर तिथला स्पंज घेऊ नका. वेगळ्या बादलीत बाटलीतले जिवाणू आणि अमोनियम क्लोराइड घालून तयार करा.

पार्सल मुंबईहून येवो नाहीतर बेंगळूरहून, रात्रीच्या बसने आलेली पिशवी दहा-बारा तास बंद असते. आत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो. त्यामुळे साठलेला अमोनिया बहुतांश अमोनियमच्या रूपात असतो आणि मासा तग धरतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. आदल्या दिवशी दुकानदाराला फोन करून त्याच्या पाण्याची सॅलिनिटी (खारेपणा, आपण विशिष्ट गुरुत्वात मोजतो) विचारा. बरीच दुकानं १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. क्वारंटाइन टाकी त्याच आकड्यावर आणा. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं तरंगवा, उघडा, रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या साधनाने) खात्री करा, मासा कपाने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. पुढे सॅलिनिटी रोज ०.००१ ते ०.००२ इतकीच वाढवा.

आता ओळख.

इच (क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स): मिठाच्या कणाएवढे सुटे पांढरे ठिपके, मोजता येतात. मासा मध्येच अंग घासतो, पण बहुधा खात असतो.

वेल्व्हेट (अमायलोऊडिनियम ओसेलॅटम): ठिपके मोजता येत नाहीत. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने तिरपी धरली तर अंगावर बारीक सोनेरी-करडी धूळ दिसते. पण धूळ दिसायच्या आधीच कल्ले भरलेले असतात. मासा धापा टाकतो, पाण्याच्या झोतात तोंड करून उभा राहतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो. दोन-तीन दिवसांत संपतो.

ब्रुकलिनेला: क्लाऊन माशांवर सगळ्यात जास्त, विशेषतः समुद्रातून पकडलेल्या. अंगावरचा बुळबुळीत थर पांढरट होऊन सालीगत सुटू लागतो. हाही झपाट्याने मारतो.

युरोनेमा: क्रोमिस आणि अँथियस या माशांवर जास्त. कुशीवर लालसर, आतून रक्त उतरल्यासारखा डाग, त्याचीच पुढे जखम होते. हा प्राणी माशावाचूनही टाकीतल्या घाणीवर जगतो, त्यामुळे सगळ्यात चिवट.

फ्लूक: पारदर्शक चपटे कृमी, आपल्याला दिसत नाहीत. माशाचे डोळे धुरकट होणं, डोकं झटकणं, जांभया दिल्यासारखं तोंड उघडणं.

रोज सकाळी दिवा लावायच्या आधी प्रत्येक माशाचा एक मिनिट व्हिडिओ घ्या, कल्ले किती वेळा हलले ते मोजा आणि आकडा काचेवर मार्करने लिहा. खाणं चालू असताना आकडा दिवसेंदिवस चढत असेल तर ठिपक्यांची वाट बघू नका.

शहापूर_रीफ

छान सुरुवात. यात इचचं जीवनचक्र घालायलाच हवं, नाहीतर औषधाचे दिवस का मोजायचे ते कळत नाही.

माशावरचा ठिपका म्हणजे कातडीखाली बसून खाणारा परजीवी. तिथं तो ३ ते ७ दिवस असतो आणि तोवर कुठलंही तांबं त्याला लागत नाही. मग तो गळतो, काचेला, पाइपला, गोगलगायीच्या शंखाला चिकटून कवच करतो. कवचात त्याची शेकडो पिल्लं होतात. कवच फुटायला लवकरात लवकर ३ दिवस, बहुधा आठवडाभर, पण कधी चार आठवडे आणि थंड पाण्यात त्याहूनही जास्त. फुटल्यावर पोहणारी पिल्लं एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. तांबं मारतं ते या पोहणाऱ्या अवस्थेलाच.

म्हणून चौथ्या दिवशी ठिपके गेले की ‘बरा झाला’ म्हणून औषध थांबवणारे फसतात. ठिपके गेलेले नसतात, तळाला जाऊन वाढत असतात.

निपाणीकर

एक विचारतो. क्युप्रामिनची (तांब्याच्या तयार औषधाची) बाटली महाग पडते. आमच्याकडे कृषी सेवा केंद्रात मोरचूद किलोने मिळतं, द्राक्ष-भाजीवाले बोर्डो मिश्रणाच्या फवारणीला नेतात ते. शेवटी तांबंच की ओ. वापरलं तर काय बिघडतं?

टिळकवाडी_खारंपाणी

निपाणीकर, तांबं तेच आहे, पण तीन अडचणी आहेत.

पहिली शुद्धतेची. शेतीच्या मोरचुदात इतर धातू किती आहेत हे पाकिटावरून कळत नाही. वापरायचंच तर प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या, अर्धा किलोची बरणी आयुष्यभर पुरेल.

दुसरी वजनाची. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट, त्यात तांबं २५.५ टक्के. आपल्याला हवं ०.२ मिग्रॅ प्रतिलिटर, म्हणजे ४५ लिटरला ९ मिग्रॅ तांबं, म्हणजे जेमतेम ३५ मिग्रॅ मोरचूद. हे घरच्या काट्यावर मोजता येत नाही. त्यासाठी ३.९३ ग्रॅम मोरचूद एक लिटर आरओ पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलीत १ मिग्रॅ तांबं. तुमच्या टाकीला ९ मिली, दोन-तीन दिवसांत विभागून.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. साधं तांबं समुद्राच्या पाण्यात टिकत नाही. पाण्यातल्या कार्बोनेटशी जुळून खाली बसतं, काचेला आणि स्पंजला धरतं. सकाळी ०.२० असलेलं संध्याकाळी ०.१४ असू शकतं. ०.१५ च्या खाली परजीवी जगतो, ०.२५ च्या वर मासा सोसत नाही. इतक्या अरुंद पट्टीत दिवसातून दोनदा मोजून भर घालत राहायचं, तेही महिनाभर. नोकरी करणाऱ्याला हे झेपत नाही. म्हणून माझं मत चिलेटेड तांब्याला, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेल्या, पाण्यात टिकणाऱ्या तांब्याला.

शहापूर_रीफ

मोजण्याच्या साधनाचाही विचार करा. हॅनाचा हाय-रेंज कॉपर चेकर ० ते ५ पीपीएम (म्हणजेच मिग्रॅ प्रतिलिटर) वाचतो आणि त्यात ०.०५ चा फरक धरूनच चालावं लागतं. ०.२० वर ०.०५ म्हणजे पाव हिस्सा चूक. चिलेटेडच्या २.२५ वर तोच फरक किरकोळ.

आणि आकडे कुणी एकमेकांत मिसळू नका. चिलेटेड (‘कॉपर पॉवर’ नावाच्या औषधाच्या जातीचं): २.० ते २.५ मिग्रॅ प्रतिलिटर. क्युप्रामिन: ०.५. साधं मोरचूद: ०.१५ ते ०.२०. चिलेटेडचा आकडा वाचून तेवढं क्युप्रामिन घातलं तर चौपट झालं, टाकी रात्रीत रिकामी.

क्युप्रामिनचं माप ४० लिटरला १ मिली, म्हणजे तुमच्या ४५ लिटरला १.१ मिली. ४८ तासांनी तेवढंच पुन्हा. तेव्हा ०.५ होतं.

चिलेटेड देताना पहिल्या दिवशी १.०, दुसऱ्या दिवशी १.५, तिसऱ्या दिवशी २.२५. वेल्व्हेटचा संशय असेल तर इतका वेळ नाही, २४ तासांत चढवा. दिवस मोजायचे ते २.० च्या वर पोहोचल्यापासून ३०. मध्ये एकदा जरी २.० च्या खाली गेलं तरी मोजणी पहिल्यापासून.

अनगोळ_एक्वा

३० दिवस फार होतात. १४ दिवस पूर्ण मात्रेत ठेवून मासा आधी धुऊन वाळवलेल्या, नवं पाणी भरलेल्या वेगळ्या टाकीत हलवला तरी भागतं. चौदा दिवसांत अंगावरचे सगळे गळून गेलेले असतात, नवे चढू शकत नाहीत. जुन्या टाकीच्या काचेवर काय राहिलं याच्याशी माशाला देणंघेणं उरत नाही.

टिळकवाडी_खारंपाणी

बरोबर, फक्त दुसरी टाकी खरोखर वेगळी हवी. जाळी वेगळी, एअर स्टोन वेगळा, हात कोरडे, आणि दोन टाक्यांत तीन-चार मीटर अंतर. वेल्व्हेटची पोहणारी पिल्लं एअर स्टोनने उडणाऱ्या तुषारांवरून शेजारच्या टाकीत जातात. एकाच टेबलावर दोन टाक्या ठेवून हा प्रकार करू नका.

खानापूर_घाटमाथा

वीज आणि हवेबद्दल लिहितो, आमच्याकडे पावसाळ्यात हाच खरा प्रश्न असतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. हवेचा दाब कमी, त्यामुळे पाण्यात विरघळणारा प्राणवायू कारवारपेक्षा आठ-नऊ टक्के कमी. २६ अंशाच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात किनाऱ्यावर जास्तीत जास्त ६.६ मिग्रॅ प्रतिलिटर मावतो, तर आपल्याकडे ६.१ च्या आसपास. निरोग्या माशाला याचा फरक पडत नाही. कल्ले परजीवींनी भरलेल्या माशाला पडतो. त्यात फॉर्मॅलिन (ब्रुकलिनेलावरचं औषध) स्वतः प्राणवायू खातं, आणि प्राझिक्वांटेल (फ्लूकवरचं औषध) घातल्यावर जिवाणू वाढून पाणी दुधाळ होतं तेही प्राणवायू खातात. म्हणून बाहेरच्या लेखांत एक एअर स्टोन लिहिला असेल तर तुम्ही दोन लावा, दोन वेगळ्या पंपांवर. एक पंप बॅटरीवर आपोआप सुरू होणारा असावा.

वीज गेली की हीटरचा नाद सोडा, तो इन्व्हर्टर खाऊन टाकतो. टाकीच्या तीन बाजूंना आणि खाली एक इंची थर्माकोल कायम लावून ठेवा. तापमान हळूहळू उतरलं तर मासा सांभाळून घेतो, हवा बंद पडली तर नाही. आणि पॉवर परत आल्यावर हीटर पाण्यात पूर्ण बुडालेला आहे ना, तेवढं बघा.

निपाणीकर

अमोनिया वाढला तर काय करायचं? प्राइम घालू का?

शहापूर_रीफ

तांबं चालू असताना प्राइम किंवा तसलं कुठलंही क्लोरीन-अमोनिया मारणारं द्रावण घालू नका. ती तांब्याचं रूप बदलतात आणि ते माशाला कितीतरी जास्त विषारी होतं. सरळ ३० ते ५० टक्के पाणी बदला. नव्या पाण्यात तेवढंच तांबं आधी घालून, मोजून मगच ओता. कार्बनची पिशवी, यूव्ही दिवा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) हे सगळं बंद.

खाणंही आवरा. आजारी मासा खातोय या आनंदात दिवसातून चार वेळा घातलं जातं आणि तळाला सडतं. थोडं घाला, दहा मिनिटांनी उरलेलं नळीने ओढून काढा.

चिकोडी_नवशिक्या

फ्लूक दिसतच नाहीत म्हणता, मग आहेत हे ओळखायचं कसं?

टिळकवाडी_खारंपाणी

गोड्या पाण्याच्या आंघोळीने. काळ्या रंगाची बादली किंवा घमेलं घ्या. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं, बोअरचंही नको. आरओ पाणी पाच लिटर, हीटर लावून टाकीच्याच तापमानाला आणा. चिमूट-चिमूट खायचा सोडा घालत पीएच ८.२ पर्यंत न्या. अर्धा तास हवा सोडा. मग मासा आत, पाच मिनिटं. पहिल्या मिनिटात तो आडवा पडतो किंवा निपचित राहतो, घाबरू नका. पण मिनिटभरानंतरही तडफडत असेल तर लगेच काढा. डोळ्यांवर-अंगावर फ्लूक असले तर ते पांढरे होऊन गळतात आणि काळ्या तळावर तिळाएवढे दाणे दिसतात.

ही फक्त तपासणी आणि तात्पुरता आराम. कल्ल्यांत खोल बसलेले राहतात, अंडी राहतात. उपचार म्हणजे प्राझिक्वांटेल, २.५ मिग्रॅ प्रतिलिटर, ४५ लिटरला ११२ मिग्रॅ.

माणसांच्या ६०० मिग्रॅच्या गोळ्या मिळतात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. सोनाराच्या जातीच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर आख्खी गोळी तोला. समजा ०.९० ग्रॅम भरली, तर ६०० मिग्रॅ औषध ०.९० ग्रॅम पुडीत आहे. ११२ मिग्रॅसाठी ०.१७ ग्रॅम पूड लागेल. गोळीचा चौथा भाग अंदाजे तोडून टाकू नका. पूड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून झाकणाच्या छोट्या बाटलीत टाकीचं पाणी घालून पाच मिनिटं जोरात हलवा आणि सगळा गढूळ रस झोतासमोर सोडा. कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत प्राझिक्वांटेलबरोबर इतर औषधं असतात, त्या नकोत.

अंड्यांवर औषध चालत नाही. ती फुटायला ५ ते ७ दिवस लागतात, म्हणून सहाव्या-सातव्या दिवशी पाणी बदलून दुसरी मात्रा. काही टाक्यांत जिवाणू औषध दोन-तीन दिवसांत खाऊन टाकतात. दुसऱ्या मात्रेनंतरही डोकं झटकणं चालू असेल तर पुन्हा आंघोळ घालून बघा आणि तिसरी द्या.

कारवार_किनारा

घाटावरची मंडळी आमच्याकडून कॅनमध्ये समुद्राचं पाणी नेतात म्हणून लिहितोय. जून ते सप्टेंबर नेऊ नका. काळी नदीचं गोडं पाणी खाडीच्या तोंडापासून बरंच लांब पसरतं, सॅलिनिटी उतरलेली आणि पाणी गढूळ. उन्हाळ्यातही नदीमुखापासून दूर, भरतीच्या वेळी भरा.

ते पाणी तसंच क्वारंटाइन टाकीत घालणं म्हणजे ज्याच्याशी लढतोय त्यालाच आमंत्रण. ५० लिटरला ५ टक्क्यांचं, बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) १० मिली. २४ तास हवा सोडून ठेवा. नंतर क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट, जास्तीत जास्त ३.५ ग्रॅम, थोडं थोडं घालत जा आणि स्विमिंग पूलच्या किटने क्लोरीन शून्य आल्याची खात्री करा. वर शहापूरवाल्यांनी सांगितलेला नियम इथंही लागू: थायोसल्फेट तांब्याच्या टाकीत कधीच नाही, ते पिंपातच संपलं पाहिजे. दोन दिवस तसंच हवेवर ठेवून मग वापरा.

अनगोळ_एक्वा

औषध नको असणाऱ्यांसाठी टाकी-बदल पद्धत सांगतो. ३० लिटरचे दोन टब, दोन हीटर, दोन एअर स्टोन. मासा पहिल्या टबात. ७२ तास पुरे व्हायच्या आत दुसऱ्या टबात, पाणी नवीन, तापमान आणि सॅलिनिटी तंतोतंत तीच. पहिला टब सामानासकट धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. असे चार बदल, बारा दिवस. गळलेला इच कवच फोडायच्या आतच मासा पुढे गेलेला असतो. शनिवारी संध्याकाळी सुरू केलं तर पुढचा बदल मंगळवारी दुपारीच, बुधवारी सकाळ चालणार नाही.

शहापूर_रीफ

उत्तम पद्धत, पण इचपुरतीच. वेल्व्हेट, ब्रुकलिनेला, फ्लूक यांवर ती भरवशाची नाही. बारा दिवस टब बदलत बसलात आणि निघाला वेल्व्हेट, तर मासा तिसऱ्या टबापर्यंत पोहोचत नाही. सॅलिनिटी १.००९ वर आणून ठेवण्याचंही तेच: इचवर चालतं, वेल्व्हेटवर अजिबात नाही. त्यात रिफ्रॅक्टोमीटर अचूक हवा. ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात घाला, त्यावर रिफ्रॅक्टोमीटरने बरोबर ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) दाखवायला हवं. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही.

चिकोडी_नवशिक्या

वेल्व्हेट नक्की आहे आणि हाताशी तांबं नाही, तर?

टिळकवाडी_खारंपाणी

तातडीचं म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमधली ‘२० व्हॉल्यूम’ बाटली म्हणजे ६ टक्के. १० लिटर टाकीच्या पाण्यात १२.५ मिली, म्हणजे ७५ मिग्रॅ प्रतिलिटर. जोरदार हवा, ३० मिनिटं, मग मासा नव्या पाण्यात. सहा दिवसांनी पुन्हा. पण यावर थांबायचं नाही, तांबं किंवा क्लोरोक्वीन फॉस्फेट मागवून सुरू करायचं.

क्लोरोक्वीन १० मिग्रॅ प्रतिलिटर, हे वजन फॉस्फेट क्षाराचं. २५० मिग्रॅच्या गोळीत बेस (क्षार सोडून नुसतं मूळ औषध) सुमारे १५० मिग्रॅच असतो, दोन्ही आकडे पट्टीवर छापलेले असतात, गोंधळू नका. ४५ लिटरला दोन गोळ्या, म्हणजे ११ मिग्रॅ प्रतिलिटर. पूड करून आरओ पाण्यात घोळा, बारीक फडक्याने गाळा. टाकी अंधारात ठेवा. तांब्याबरोबर एकत्र कधीच नाही. हीही चिठ्ठीची गोळी आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन वेगळं औषध, ते बदली म्हणून घेऊ नका.

निपाणीकर

आणि क्लाऊनची ती ब्रुकलिनेला? आमच्याकडे पोल्ट्रीवाले शेडच्या धुरीला फॉर्मॅलिन ठेवतात, ते चालतं का?

अनगोळ_एक्वा

लेबलवर ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असेल आणि बाटलीच्या तळाला पांढरा साका नसेल तरच. साका म्हणजे पॅराफॉर्मल्डिहाइड, ते माशाला घातक. थंडीत पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेल्या बाटलीत हमखास दिसतं. अशी बाटली गाळून वापरायची नाही, बादच.

१० लिटर टाकीच्या पाण्याला १.५ मिली, आधी दहा मिनिटं हवा सोडून. ३० ते ४५ मिनिटं, समोरून हलायचं नाही. मासा पृष्ठभागावर येऊन तोंड वासू लागला किंवा कलंडला की बाहेर. पाणी २७ अंशांच्या वर असेल तर १.२५ मिली पुरे. आंघोळीनंतर मासा नव्या पाण्याच्या टबात, जुनी टाकी धुऊन कोरडी. एक दिवस आड, तीन वेळा. ब्रुकलिनेला कवच करत नाही, माशावरच दुभंगून वाढते, त्यामुळे तीन आंघोळींत बहुतेक सुटका होते. हातमोजे घाला, अंगणात किंवा गच्चीवर करा, मुलांना लांब ठेवा. फॉर्मॅलिन कर्करोगकारक आहे, बंद बाथरूममध्ये हे काम अजिबात नको.

चिकोडी_नवशिक्या

शेवटचं. मुख्य टाकीत इच आधीच शिरलाय. मासे सगळे बाहेर काढले तर टाकी किती दिवस रिकामी ठेवायची? आणि कोळंब्या, गोगलगायी तिथंच राहिल्या तर चालतील?

शहापूर_रीफ

कोळंब्या, गोगलगायी, कोरल तिथंच राहू द्या. त्यांना इच होत नाही, आणि तांबं-फॉर्मॅलिनमध्ये त्या मरतात, म्हणून क्वारंटाइन टाकीत आणूच नका. टाकीत एकही मासा नको, वाळूत लपलेला गोबी मासासुद्धा नाही. ७६ दिवस. तापमान २६-२७ वर कायम ठेवा, थंड पाण्यात कवचं उशिरा फुटतात. फक्त वेल्व्हेट असेल तर सहा आठवडे पुरतात, पण नक्की कोणता होता ते माहीत नसेल तर ७६ च धरा.

पुढे नवी गोगलगाय किंवा कोरलचा तुकडा आणलात तर तोही बिनमाशाच्या टबात ७६ दिवस. शंखावर आणि कोरलच्या दगडावर कवच चिकटून येतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.